आईचे पोप

३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तुला आधी आईचीच शंका आली असेल, कारण नऊ वर्षांत मी तुला नववर्षाच्या कार्डापलीकडे काही पाठवलेलं नाही. घाबरू नकोस. आई आहे, दोन वेळा जेवते आहे. फोनच करणार होतो, पण फोनवर आपलं दोन मिनिटांत जुंपतं. कागदावर निदान वाक्य पुरं होतं.

आईची आठवण मागे मागे चालली आहे. आधी कालचं गेलं, मग बाबांचं जाणं गेलं, आता माझी बायको तिला नर्स वाटते. बायकोने मनाला लावून घेतलं नाही. म्हणते, सुनेपेक्षा नर्सचं जास्त ऐकतात, चाललंय ते बरंय.

पण नाताळाच्या आधीपासून नवंच सुरू झालंय. दुपारी पडल्या पडल्या ती चादरीची किनार बोटांनी मोजते आणि पुटपुटते. माझा पुस्तकबांधणीचा कारखाना म्हणजे पुढची खोली, तिचा पलंग मागच्या खोलीत. मधलं दार उघडं असतं. मी पानं शिवता शिवता कान दिला, तर ती प्रार्थना निघाली. आपली, प्रोटेस्टंटांची नव्हे; तुझ्या सासरची, कॅथलिकांची. शेवटी ती पोपसाठी प्रार्थना करते, त्यांचं नाव घेऊन. ते पोप तू आणि मी जन्मायच्या आधीच वारले, मी मुद्दाम शोधून पाहिलं. मग मला विचारते, "त्यांची तब्येत कशी आहे?" वारले म्हणून खरं सांगितलं, तर रडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, पुन्हा रडली. काल मी "बरे आहेत" म्हणून टाकलं. मंडळीचा पंच, दर रविवारी पोरांना शास्त्र शिकवणारा माणूस, आणि पोपच्या प्रकृतीच्या खोट्या बातम्या देत बसलोय.

ती कॅथलिक सिस्टरांच्या वसतिगृहात वाढली हे मला ठाऊक आहे. पण लग्नानंतर बावन्न वर्षं तिच्या तोंडून यातला शब्द कधी ऐकला नाही. हे इतके दिवस होतं कुठे? आणि ती सुरू झाली की मी काय करावं, एवढं कळव. बाकी जुन्या वादात मला शिरायचं नाही.

तुझा,
भाऊ


९ फेब्रुवारी

धाकटेपंत,

तुझं पत्र मी पलंगावर वाचलं. पंधरा दिवसांपूर्वी दुकानातल्या स्टुलावरून पडले, उजवा पाय मार्चच्या मध्यापर्यंत प्लास्टरमध्ये. कीव करू नकोस. रफूचं काम मांडीवर घेऊन पडल्या पडल्याही होतं. गिऱ्हाइकंच उशाशी येऊन बसतात आणि नको त्या गोष्टी सांगून जातात.

आई म्हणते ती जपमाळ. माळ नाही म्हणून किनार मोजते. शेवटी पोपसाठी प्रार्थना करायची आमच्याकडे रीत आहे. तू "बरे आहेत" सांगत जा, त्यात खोटं काही नाही. एक गेले की दुसरे बसतात. तिने गादीची तब्येत विचारली असं समज.

बाबांच्या दफनानंतर मी त्यांच्या आत्म्यासाठी आमच्या चर्चमध्ये मिस्सेची प्रार्थना सांगितल्याचं बोलले, तेव्हा तू वीस माणसांत म्हणालास, "बाबांना पोपच्या शिफारसपत्राची गरज नाही." ते मी विसरलेले नाही. पण आज बाजूला ठेवते, कारण आज माझा आनंद मोठा आहे. आई घरी परतली रे. बावन्न वर्षं ती तुमच्याकडे पाहुणी होती. बाबांच्या धाकाने तोंड मिटून राहिली, आणि आता धाक विसरली, प्रार्थना नाही विसरली. लग्न करून मी कॅथलिक झाले तेव्हा तुम्ही म्हणालात, नवऱ्याच्या मागे गेली. मी आईच्याच वाटेने गेले होते.

तू वाद नको म्हणतोस, पण मी थोरली आहे, थोडं ऐकून घे. घराला कर्ता लागतो. प्रभूने स्वर्गाच्या किल्ल्या पेत्राच्या, पहिल्या पोपच्या, हातात दिल्या, दिसेल त्याच्या खिशात एकेक टाकली नाही. ज्याच्या त्याच्या हातात किल्ली आली की एका घराची दहा बिऱ्हाडं होतात. तुमच्या एका गावात मंडळ्या किती आहेत ते मोजून सांग.

तुमच्या गल्लीच्या टोकाला आमचं चर्च आहे. जा, फादरना घेऊन ये. आईला काय हवंय ते तुलाही कळतंय.

तुझी,
ताई


१५ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पायाला जप. प्लास्टरच्या आत खाज सुटली तर विणायची सुई घालू नकोस, तुझा स्वभाव मला माहीत आहे.

"पाहुणी" हा शब्द लागला. बाबा असेपर्यंत ती त्यांच्याशेजारी तिसऱ्या बाकावर बसली. बाबांची नजर गेल्यावर गीतांच्या ओळी त्यांच्या कानात सांगायची. पाहुणी माणसं असं करत नाहीत. आणि ती परतलेली नाही ताई, ती हरवते आहे. तुला रोज पाहावं लागत नाही म्हणून तुला त्याचा आनंद होतोय. वाट चुकलेलं माणूस आपल्या अंगणात आलं, तर ते आपलं झालं असं म्हणतात का?

किल्ल्यांचं म्हणशील तर ती ओळ आमच्याही शास्त्रात आहे. पेत्राने प्रभूला ओळखलं, तोंडाने कबूल केलं, त्या विश्वासावर मंडळी उभी आहे. खुद्द पेत्रावर नव्हे. त्याच पेत्राला पुढे चार ओळींवर प्रभू झापतो, आणि नंतर प्रेषित पौलही तोंडावर सुनावतो. चुकणाऱ्या माणसाला मी भाऊ मानीन, मान देईन, पण शेवटचा शब्द देणार नाही. माझ्यात आणि देवात प्रभू आहे, तिथे आणखी कोणाला जागा नाही. हे मी हट्टाने म्हणत नाही. कामावर वाईट दिवस आले, बाबा गेले, तेव्हा मी याच्यावरच उभा राहिलो.

आईला तपासायला येणारे डॉक्टर पूर्वेकडच्या जुन्या, ऑर्थोडॉक्स चर्चचे आहेत. त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. हसले आणि म्हणाले, "आमचं दोघांच्या मध्ये. पोप थोरला भाऊ, त्याला पहिला पाट द्यायचा. पण थोरला भाऊ म्हणजे बाप नव्हे, सगळ्यांची घरं त्याने चालवायची नाहीत." एका पलंगाभोवती तीन मतं जमली, आणि पलंगावरची बाई चौथंच काही मोजत होती.

फादरना बोलावण्याचं म्हणशील, तर मी पंच आहे, माझ्या दारात फादर आले तर मंडळीत काय होईल याचा विचार कर. शिवाय तिने काही तसं म्हटलेलंही नाही.

तुझा,
भाऊ


२१ फेब्रुवारी

प्रिय भाऊ,

तुझं खरं आहे. मी आनंदात येऊन लिहिलं आणि तू तिचं तोंड पुसत, चादरी बदलत ते वाचलंस. चुकले.

आता तुला एक सांगते, ते मी कोणाला सांगितलेलं नाही. तुझे भाऊजी बोटीवर आचारी होते आणि परक्या बंदरातल्या इस्पितळात वारले, एवढं तुला माहीत आहे. मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. त्या गावात माझी भाषा कोणाला येईना. कागद पुढे येत, मी सह्या करी. रविवारी एका चर्चमध्ये जाऊन मागे उभी राहिले. मिस्सा त्यांच्या भाषेत, एक अक्षर कळेना. मध्येच फादरनी प्रार्थनेत पोपचं नाव घेतलं. तेच नाव माझ्या चर्चमध्ये दर रविवारी घेतात. तेवढा एक शब्द मला कळला, आणि मी तिथे भोकाड पसरून रडले, कारण पंधरा दिवसांत पहिल्यांदा मी कोणाच्या तरी घरात होते. पोप काय म्हणतात ते सगळं मला पटतं असं नाही. आमच्याही घरात भांडणं आहेत. पण त्या नावावर हात ठेवून मी परत आले. म्हणून ते मला सोडता येत नाही.

आणि राग मानू नकोस, पण आपल्या घरात पोप नव्हता असं तू म्हणूच नकोस. बाबा होते की. त्यांच्या शब्दापुढे अपील नव्हतं. माझ्या लग्नाला जायचं नाही म्हणाले, तर कोणी आलं नाही. बाबांचं मी समजू शकते. आई आली नाही, ते एकतीस वर्षांत माझ्या घशाखाली उतरलेलं नाही. दारात पाहुणे आले की मी मान वर करत होते.

आता एक विचारते. आईने फादरना बोलाव असं म्हटलंय, हो ना? लहानपणापासून तुझी थाप अशीच असते, पत्राच्या अगदी शेवटी, घाईघाईत, कारणांच्या ढिगाखाली.

ताई


२७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

हो. म्हटलंय. पहिल्यांदा नाताळाच्या आधी, आणि तेव्हापासून अकरा वेळा. मी दोनदा चर्चच्या फाटकापर्यंत जाऊन आलो. पुढे पाऊल पडलं नाही. बाबा मागे उभे आहेत असं वाटायचं.

पण परवा मंगळवारी जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. कपड्यांना खळ लागू नये म्हणून मी कामाला काळा लांब अंगरखा घालतो, गळ्यापासून घोट्यापर्यंत. एरवी तो काढून आत जातो. परवा दाबाखाली पुस्तकं होती, घाईत तसाच तिला दूध द्यायला गेलो. तिने माझ्याकडे पाहिलं, उठून बसली, केस सारखे केले आणि छातीवर क्रूस केला. म्हणाली, "आशीर्वाद द्या फादर. मी पाप केलंय. शेवटचं कबूल करून फार दिवस झाले."

मी म्हणायला हवं होतं, "आई, मी आहे." तोंड उघडलंही होतं. पण नाताळानंतर पहिल्यांदा तिचा चेहरा मोकळा दिसत होता. मी दुधाचा पेला खाली ठेवला आणि बसलो. ती बोलत गेली. बरंच बोलली. सगळं नीट, एकामागून एक, जणू काही विसरलंच नव्हतं.

संपल्यावर ती थांबली. मीही थांबलो. "पुढचं म्हणा," ती म्हणाली.

"पुढचं काय?"

"विसरलात? मीही हल्ली विसरते." आणि तिनेच मला शब्द सांगितले, मी तुला पापमुक्त करतो, असे. मला ते म्हणता आले नाहीत ताई. त्यातल्या "मी"पाशीच अडलो. तो शब्द उच्चारायचा अधिकार कोणाही माणसाला नाही, असं मी आयुष्यभर शिकवत आलो. मी तिचे हात धरले आणि म्हणालो, "देवाने तुम्हाला क्षमा केली आहे." हे मी अगदी मनापासून म्हणालो आणि ते खरं आहे असं मी आजही मानतो.

तिने हात काढून घेतले. "तुम्ही नवीन दिसता," म्हणाली.

तेव्हापासून तिला चैन नाही. दूध घेत नाही, बायकोला सारखी विचारते, "तो नवा फादर आला होता ना, त्याला पाठवलंय कोणी?" मला वाटायचं, क्षमा मिळाली हे कळलं की झालं, कोणाच्या तोंडून कळलं याने काय फरक पडतो. तिला पडतो. मी तिला फसवलं आणि वर उपाशीही ठेवलं. मला काही सुचत नाही. तू थोरली आहेस, तू सांग.

भाऊ


३ मार्च

प्रिय भाऊ,

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी इतकी चिडले की पाय आपटायला गेले आणि प्लास्टर आठवलं. फादर असल्याचं सोंग आणून पापांची कबुली ऐकायची, हा आमच्याकडे मोठा अपराध आहे. दुसऱ्यांदा वाचताना "तुम्ही नवीन दिसता" पाशी हसू फुटलं. तिसऱ्यांदा मात्र तुझी दया आली. माझा भाऊ दुधाचा पेला ठेवून खाली बसला, हेच डोळ्यांपुढे येत राहिलं.

माझं मत तुला ठाऊक आहे. फादरना बोलवावं. तिला शब्द नकोत, पाठवलेला माणूस हवा आहे. दोन हजार वर्षांपासून एकाने दुसऱ्याला पाठवत पाठवत जो आपल्या पलंगापर्यंत येऊन पोचतो, तो माणूस. पण मी इथे पाय वर करून पडले आहे आणि रविवारी त्या लोकांत जाऊन बसायचं तुला आहे. तू नाही बोलावलंस तर मी तुला दोष देणार नाही. देव पोपपेक्षा मोठा आहे, एवढं आम्हालाही कळतं.

आता एक विचारते, ते विचारू नये हे मला माहीत आहे. कोणाची कबुली चुकून कानावर पडली तरी गप्प राहावं असा आमचाच नियम आहे. तरी विचारते. त्या बोलण्यात माझं नाव आलं का? माझ्या लग्नाला ती का आली नाही, याबद्दल काही बोलली का? हो की नाही, एवढंच लिही.

ताई


१२ मार्च

प्रिय ताई,

फादर येऊन गेले.

आदल्या दिवशी मी आमच्या पाळकसाहेबांकडे जाऊन सगळं सांगितलं, पंचपदाचा राजीनामाही पुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि माझ्या खिशात कोंबला. म्हणाले, "तुमच्या घरात कोण आजारी आहे? तुम्ही की आई? मग तिचं औषध आणा." बाकीचे असे नाहीत. रविवारी दोघे पंच माझ्या बाकावरून उठून पलीकडे बसले. बसोत.

फादर पोरगेलेसे आहेत, सायकलवरून आले, साध्या शर्टात. मला वाटलं आता हिला हेही नवीन दिसणार. त्यांनी पिशवीतून जांभळी पट्टी काढून गळ्यात घातली. आईने नीट निरखलं आणि विचारलंच, "तुम्हाला कोणी पाठवलं?"

"बिशपांनी," ते म्हणाले. "आणि बिशपांना पोपनी."

"ते बरे आहेत?"

"बरे आहेत."

"आणि इथं? या घरात कोणी पाठवलं?"

"तुमच्या मुलाने."

आई म्हणाली, "तो नाही पाठवणार. तो बापाच्या शब्दाबाहेर जात नाही."

"दारात उभे आहेत, बघा," फादर म्हणाले. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. ओळखलं की नाही, देव जाणे. मी दार ओढून घेतलं आणि पुढच्या खोलीत येऊन उगाच पुठ्ठे रचत बसलो. अर्ध्या तासाने फादर बाहेर आले तेव्हा ती झोपली होती. उठल्यावर दूध मागून घेतलं.

जाताना मी त्यांना म्हणालो, "मी तिला सांगितलं होतं, देवाने क्षमा केली आहे. ते खोटं होतं का?" ते म्हणाले, "खोटं कसं असेल?" मी म्हणालो, "मग तुमची गरज काय?" त्यांनी सायकलचं कुलूप काढलं आणि म्हणाले, "त्यावर आपण दोघं म्हातारे होईपर्यंत वाद घालू शकतो. येत जाईन." मला तो माणूस आवडला. पोपबद्दलचं माझं मत तसूभर बदललेलं नाही, हेही लिहून ठेवतो.

आता तुझा प्रश्न. मी उत्तर देणार नाही, हो नाही आणि नाहीही नाही. ती मला फादर समजून बोलली. मी फादर नाही, पण तिचं बोलणं मी फादरच्या जागी बसून ऐकलं, तेव्हा ते तिथेच राहील.

पण एक गोष्ट कबुलीतली नाही. ती मी स्वतः पाहिली आहे, म्हणून सांगू शकतो. तुझ्या लग्नाच्या दिवशी आईने पहाटे उठून चांगले कपडे घातले, पायात जोडे चढवले आणि पलंगाच्या कडेवर बसून राहिली. मला जवळ बोलावून म्हणाली, "बाबा बाहेर पडले की आपण दोघं मागच्या दाराने निघू. साडेदहाची बस आहे." मी हो म्हणालो आणि पुढच्या खोलीत जाऊन बाबांना सांगितलं. सतरा वर्षांचा होतो ताई, लहान नव्हतो. मला वाटलं मी सत्याच्या बाजूने उभा आहे. शिवाय बाबा मला "माझा खरा माणूस" म्हणाले, त्याचं फार अप्रूप वाटलं. बाबा ओरडले नाहीत. ते त्या दिवशी घराबाहेरच पडले नाहीत, खुर्ची ओढून दाराशी बसले. दुपारी आईने जोडे काढले. कोणी सांगितलं हे तिने मला कधीच विचारलं नाही.

नऊ वर्षांपूर्वी मी तुझ्याशी भांडलो ते पोपवरून नव्हे. तू समोर आलीस की मला ते जोडे दिसायचे.

देवाकडे मी कधीच क्षमा मागितली आहे, आणि त्याने केली यावर माझा विश्वास आहे. तरी आईसारखंच झालंय माझं. तेवढ्याने पोट भरत नाही. क्षमा मला तुझ्या तोंडून ऐकायची आहे.

तुझा,
भाऊ


२० मार्च

भाऊ,

दोन दिवस मी तुला मनसोक्त शिव्या दिल्या. रफूला आलेल्या एका बाईने विचारलं, कोणाशी बोलताय. तिसऱ्या दिवशी एका कोटाचं भोक भरता भरता हात थांबला. एकतीस वर्षं मी समजत होते की आईने मला टाकलं. ती जोडे घालून बसली होती. तू माझी आई माझ्यापासून तोडलीस आणि तूच ती परत आणून दिलीस. यातल्या कशासाठी आधी रडावं ते मला कळेना, म्हणून दोन्हींसाठी एकदमच रडून घेतलं.

आमच्याकडे कबुली दिली की आधी प्रायश्चित्त सांगतात. मला तो अधिकार नाही. पण थोरल्या बहिणीचा अधिकार आहे, तो कोणा पोपकडून आणावा लागत नाही, आणि तुमच्या शास्त्रातही त्याला कोणी हरकत घेतलेली नाही. तर ऐक.

कालच प्लास्टर निघालं. पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीने मी येते आहे, काठी टेकत. तू स्टेशनवर यायचंस. आई मला ओळखणार नाही, ते तू सांगायला नको. तिची आठवण इतकी मागे गेली आहे तर जाऊ दे. मी तिच्याजवळ बसेन आणि म्हणेन, "आई, आज माझं लग्न आहे. येतेस ना?"

ती हो म्हणाली, तर तिला तिचे चांगले कपडे काढून द्यायचे, पायात जोडे घालायचे, आणि आपण तिघांनी मागच्या दाराने निघून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचं. चर्चपाशी नेईन असं समजू नकोस. ती म्हणेल तिथे थांबू.

आणि या वेळी बाबांना सांगायचं नाही.

तुझी,
ताई